इचिकावाची मंडळी

मंडळाच्या संपादकांचा फोन आला की मी आधी वर्गणी भरली आहे का ते आठवून बघतो. या वेळी वर्गणीचा विषय नव्हता. "या वर्षी तुम्ही अंकासाठी लिहायचंच! आणि हे बघा, एआय आणि क्लाउड नको. गेल्या अंकात तेच होतं."

"मग काय लिहू?"

"अहो, दर रविवारी सकाळी सायकलवर टांग टाकून तुम्ही कुठे जाता, ते लिहा की! बऱ्याच जणांना विचारायचं असतं, पण कोणी विचारत नाही."

तर मंडळी, मी चर्चला जातो. आम्ही राहतो ग्योतोकूला, म्हणजे इचिकावा शहराच्या दक्षिण टोकाला, तोझाई लाइनवर. निशी-कासाईत आपल्या लोकांनी भरलेले ब्लॉक नदीपलीकडे तोक्योत, आणि आम्ही अलीकडे चिबात. चर्च मात्र शहराच्या उत्तर भागात, जेआर इचिकावा स्टेशनच्या बाजूला. सायकलने चांगला पाऊण तास लागतो. वाटेत काळ्या पाइनची जुनी झाडं लागतात, ऑगस्टमध्ये नाशी म्हणजे जपानी पेअरचे स्टॉल लागतात, आणि घाम तर बाराही महिने निघतो.

मी नगरचा. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळायला वेळ लागेल.) अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं मांडलं आणि त्यानंतर पिढ्यान् पिढ्या तिथे मराठी ख्रिस्ती समाज आहे. मी त्यातलाच. "ख्रिश्चन? मग मराठी इतकं चांगलं कसं?" हा प्रश्न मला पुण्यात, मुंबईत आणि मंडळाच्या कोजागिरीतही विचारला गेला आहे. रेव्हरंड टिळकांच्या कविता शाळेत पाठ केलेली, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचून हसलेली-रडलेली माणसं हा प्रश्न विचारतात तेव्हा गंमत वाटते. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, तेव्हापासून माझं उत्तर थोडं सोपं झालं आहे. असो.

आमच्याकडे चर्चला जमणाऱ्या लोकांना 'मंडळी' म्हणतात. "आमच्या मंडळीत दोनशे घरं आहेत," असं आम्ही सहज बोलतो. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्यांदा 'महाराष्ट्र मंडळ' आणि 'नमस्कार मंडळी' कानावर पडलं, तेव्हा मला आपण उपासनेलाच आलोय असं वाटलं होतं!

माझे पप्पा नगरच्या आमच्या मंडळीचे बावीस वर्षं खजिनदार होते. नोकरी एस.टी.च्या डेपोत, अकाउंट्सला. रविवारी दुपारी जेवण झालं की ते जमिनीवर पेपर पसरून अर्पणाची चिल्लर मोजायचे, रुपयाच्या दहा-दहाच्या चळती लावायचे आणि लाल कापडी पाठीच्या वहीत लिहायचे. एकदा सव्वा रुपया कमी भरला म्हणून तीन वेळा मोजलं. मी म्हटलं, "पप्पा, तुमच्या खिशातला टाका ना, कोणाला कळणार आहे?" त्यावर म्हणाले, "मग वहीत खोटं लिहिलं जाईल, बाळा." हिशोब जुळलाच पाहिजे, ही गोष्ट माझ्या हाडात अशी लहानपणीच बसली. पुढे आयटीत तिचा उपयोग झाला. श्रद्धेच्या बाबतीत मात्र तिने घोळ केला, तो पुढे सांगतोच.

नगरची आमची परंपरा अमेरिकन काँग्रिगेशनल मिशनची. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ती सामील झाली. लुथरन म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतले लोक. १७०६ मध्ये त्यांचे मिशनरी तामिळनाडूतल्या तरंगंबाडीला उतरले. पुढे आंध्रात, छोटा नागपुरात त्यांची मोठी चर्चेस उभी राहिली. महाराष्ट्रात त्यांचं नाव कमी ऐकू येतं. मी लुथरन झालो तो शिक्षणाच्या ओघात. २००४ साली मास्टर्स करायला जर्मनीत माग्डेबुर्गला गेलो. स्वस्त गाव, फी जवळजवळ नाही, म्हणून निवडलेलं. गेल्यावर कळलं की ल्यूथर लहानपणी वर्षभर इथल्या शाळेत होता, आणि ज्या विटेनबर्गमधून त्याने १५१७ साली ९५ मुद्दे मांडले ते गाव रेल्वेने तासा-दीड तासावर आहे.

पूर्व जर्मनीत रविवारी चर्चला माणसं कमी. होत्या त्यातल्या निम्म्या आज्या. उपासना झाली की त्या कॉफी आणि केक द्यायच्या. परदेशी विद्यार्थ्याला फुकट केक मिळाला की तो पुढच्या रविवारी परत येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं! तिथे मी ल्यूथर वाचू लागलो. मला वाटलं होतं, जड धर्मशास्त्र असेल. पण १५२२ साली विवाहावर लिहिलेल्या पुस्तिकेत हा गृहस्थ बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाबद्दल लिहितो! लोक त्या बापाला बायकी म्हणून हसतील, पण तो हे काम श्रद्धेने करत असेल तर देव आणि देवदूत त्याच्याकडे कौतुकाने बघत हसतात, असा त्याचा मुद्दा आहे. मठातल्या साधूचं काम पवित्र आणि मोलकरणीचं, चांभाराचं, बापाचं काम साधं, ही उतरंडच त्याने मोडली. प्रत्येकाला जिथे आहे तिथेच देवाचं बोलावणं आहे, आणि त्या कामातून शेजाऱ्याची गरज भागते.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातच विठोबा पाहिला, गोरोबाकाका माती तुडवता तुडवता नाम घेत होते. टिळकांनीही ख्रिस्तापर्यंतच्या आपल्या वाटेचं श्रेय तुकोबांना दिलं होतं. मला मात्र सावता माळी नीट कळायला जर्मनीत जावं लागलं, याची थोडी लाज वाटते.

२००८ साली नोकरीनिमित्त जपानला आलो. लग्न झालेलं होतं. इचिकावात लुथरन चर्च आहे असं कळलं आणि आम्ही दोघं एका रविवारी शोधत शोधत पोचलो. जपानमध्ये लुथरन मिशनची सुरुवात १८९३ च्या ईस्टरला क्यूशूतल्या सागा गावात झाली. इचिकावाचं चर्च १९५५ सालचं, लाकडी, व्होरीस यांच्या कचेरीने आराखडा केलेलं. आता ती इमारत राष्ट्रीय नोंदीतली सांस्कृतिक वास्तू आहे. हे विल्यम मेरेल व्होरीस म्हणजे भारी माणूस. १९०५ साली अमेरिकेतून इंग्रजी शिकवायला आले. पाद्री नव्हते, ल्यूथरपंथीयही नव्हते. त्यांनी शाळा, चर्चेस, घरं बांधली. मेन्थोलेटम मलम जपानमध्ये आणून विकलं आणि त्या उत्पन्नावर दवाखाना-शाळा चालवल्या. १९४१ साली जपानी नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये इथेच वारले. सर्दीला नाकाला मलम चोळताना मला आता त्यांची आठवण होते.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, भजन म्हणू, प्रवचनातलं जमेल तेवढं समजून घेऊ आणि घरी येऊ. तिसऱ्या महिन्यात एका आजींनी माझ्या हातात कागद ठेवला. त्यावर तारखा आणि नावं. त्यात एका ओळीवर काताकानात माझं आडनाव! खाली लिहिलेलं : सोजी तोबान. म्हणजे साफसफाईची पाळी.

जपानमध्ये राहणाऱ्यांना 'तोबान' समजावून सांगायला नको. शाळेत मुलांना असतो, बिल्डिंगमध्ये कचऱ्याच्या जाळीचा असतो, तसाच चर्चमध्येही असतो. दारात उभं राहून पत्रक देण्याचा, फुलं सजवण्याचा, स्वयंपाकघराचा, साफसफाईचा. सगळ्याला मिळून शब्द 'होशी', सेवा. आमच्या नगरला चर्च झाडायला माणूस होता. मी मास्टर्स झालेला, सिनियर कन्सल्टंट वगैरे; पहिल्या रविवारी संडास घासायला ब्रश हातात घेतला तेव्हा मनात काय आलं ते इथे लिहीत नाही. आजींनी मला आधी शिकवलं ते स्लिपर लावायला. लोक गेले की दारातल्या स्लिपर एकेक पुसायच्या आणि टाचा आपल्याकडे, टोकं आत, अशा लावायच्या. म्हणजे पुढच्या रविवारी येणाऱ्याला पाय घातला की सरळ आत जाता येतं. मी उलट्या लावल्या होत्या. त्यांनी काही न बोलता सगळ्या परत फिरवल्या. त्या दिवसापासून आमच्या घरी त्यांचं नाव 'स्लिपरवाल्या आजी' पडलं. सुमो पैलवानाच्या चौथ्या हिश्शाएवढ्या, वय तेव्हाच पंचाहत्तरीला आलेलं. बोलणं कमी. यजमान वारलेले, एकुलता मुलगा ब्राझीलला.

आता थोडं अवघड लिहायचं आहे.

११ मार्च २०११. दुपारी पावणेतीनला भूकंप झाला तेव्हा मी तोक्योत ऑफिसात होतो. गाड्या बंद. चार तास चालत घरी पोचलो. बायको आणि सहा महिन्यांची मुलगी बिल्डिंगच्या खाली ब्लँकेटमध्ये बसून होत्या. पुढचे दिवस तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. आफ्टरशॉक, फुकुशिमाच्या बातम्या, दुकानांतली रिकामी शेल्फं, भारतातून दर तासाला फोन. १७ तारखेला आम्ही विमानात बसलो. २३ तारखेला नगरला बातमी वाचली की आमच्याच नदीवरच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सर्गी आयोडीन सापडलं आहे आणि तान्ह्या बाळांना ते पाणी देऊ नये. आम्ही निघालो ते योग्यच केलं, असं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

पण नगरला पोचल्यावर पप्पांनी नातीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "तिथल्या मंडळीला सांगून आलास ना?"

मी सांगून आलो नव्हतो. ऑफिसला मेल टाकला होता, घरमालकाला फोन केला होता. चर्चमध्ये माझ्या नावावर मार्चच्या चौथ्या रविवारचा तोबान होता, तो डोक्यातच नव्हता. पप्पा पुढे काही बोलले नाहीत.

ईस्टर त्या वर्षी २४ एप्रिलला होता. आम्ही त्यानंतरच्या आठवड्यात परतलो. कोणी काही विचारलं नाही. "बाळ बरं आहे ना?" एवढंच. फलकावर तोबानचा जुना कागद तसाच होता. माझ्या नावासमोर पेन्सिलने एक छोटं वर्तुळ, आणि बाजूला स्लिपरवाल्या आजींचं आडनाव. भूकंपाने पडलेल्या चुन्याची धूळ, गाड्यांचे वेळापत्रक बिघडलेले, वीज कधीही जाणारी, अशा रविवारी त्या पंचाहत्तरीच्या बाईंनी माझी पाळी केली होती.

त्या उन्हाळ्यात मी ल्यूथरचं एक पत्र शोधून वाचलं. १५२७ साली विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येनाला हलवलं, राजाने ल्यूथरलाही जायला सांगितलं, तो राहिला. त्याच सुमारास ब्रेसलाउच्या पाळकांनी विचारलं होतं की साथीतून पळावं की पळू नये? त्याचं उत्तर मला वाटलं होतं तसं कठोर नाही. पळणाऱ्याला तो सरसकट नावं ठेवत नाही. जीव वाचवणं स्वाभाविक आहे म्हणतो. पाळक, वैद्य, अधिकारी, ज्यांच्यावर इतरांची जबाबदारी आहे त्यांनी थांबावं. बाकीच्यांनी जायला हरकत नाही, मात्र आपल्यावाचून शेजारी उघडा पडणार नाही, याची व्यवस्था करून जावं. मुलीला घेऊन जाणं हे बाप म्हणून माझं कामच होतं. चुकलं ते न सांगता जाणं.

जपानच्या लुथरन चर्चेसनी त्या आपत्तीत जे मदतकार्य मियागीच्या किनाऱ्यावर उभं केलं, त्याचं नाव होतं 'तोनारीबितो', म्हणजे शेजारी. ते मार्च २०१४ पर्यंत, तीन वर्षं चाललं. चिखल उपसण्यापासून तात्पुरत्या घरांतल्या म्हाताऱ्यांबरोबर चहा पीत बसण्यापर्यंत सगळं त्यात होतं. मी फक्त पैसे दिले. त्या नावाने मात्र माझी पाठ सोडली नाही.

रोजच्या कामात शेजारी कुठे असतो? मी तर दिवसभर एक्सेल आणि स्क्रीनशी बोलतो. २०१५ साली एका कंपनीच्या गोदामाची सिस्टिम बदलत होतो. टेस्ट केसच्या यादीत शेवटी-शेवटी दोन केसेस न चालवताच मी 'ओके' लिहिलं. वेळ नव्हता, आणि आधीच्या तीस चालल्या होत्या. सिस्टिम सुरू झाली त्या रात्री नेमकी त्यातलीच एक फुटली आणि रात्रपाळीच्या बायकांनी पहाटेपर्यंत हाताने लेबलं लिहिली. मला वाचवणारी कारणं बरीच होती. पण सव्वा रुपयाची वही आठवली. सकाळी मॅनेजरला सांगितलं की त्या दोन केसेस मी चालवल्याच नव्हत्या, आणि गोदामात जाऊन त्या बायकांसमोर वाकून माफी मागितली. त्यातली एक म्हणाली, "तुम्ही लिहिणार का थोडी?" मग अकरापर्यंत मीही लेबलं लिहिली.

एक गोष्ट ल्यूथरच्या नावावर नेहमी सांगतात, चांभाराने जोड्यांवर क्रूस काढू नयेत, चांगले जोडे शिवावेत. ती त्याच्या लिखाणात सापडत नाही असं जाणकार सांगतात. कोणी का म्हटली असेना, त्या दिवसापासून 'ओके' लिहिताना माझा हात थांबतो.

७ एप्रिल २०२० ला सरकारने तोक्यो, चिबा धरून सात ठिकाणी आणीबाणी जाहीर केली. चर्चचं दार बंद झालं. आयटीवाला म्हणून कॅमेरा, माइक आणि ऑनलाइन उपासनेचं काम माझ्याकडे आलं. पण आमच्या मंडळीत सत्तरीच्या पुढचे बरेच. त्यांना कसलं लिंक आणि कसलं काय! मग ठरलं की साप्ताहिक पत्रक आणि प्रवचनाची छापील प्रत त्यांच्या घरच्या पत्रपेटीत टाकायची. मी शनिवारी सायकलवर निघायचो. मामा, सुगानो, सुवादा अशी गल्ल्यागल्ल्यांतून अकरा घरं. बेल वाजवायची नाही, पेटीत टाकायचं आणि निघायचं. स्लिपरवाल्या आजी मात्र खिडकीत उभ्या असायच्या. मी हात हलवायचो, त्या वाकायच्या. कधी औषधाच्या दुकानातून काही हवं असेल तर दाराच्या कडीला चिठ्ठी आणि पैसे अडकवलेले. असं वर्षभर चाललं.

एप्रिल २०२१ मध्ये नगरला पप्पा आणि मम्मी दोघांनाही कोविड झाला. दुसऱ्या लाटेचे ते दिवस कोणाला आठवून द्यायला नकोत. बहीण पुण्याला, तिच्या घरातही आजारी माणसं. मी तिकिटं बघत होतो. जावं तर परत येता येईल का, नोकरी राहील का, इथे बायको आणि दोन मुलं. हे सगळं बघता बघता चार दिवस गेले. तिकडे मंडळीतल्या तीन पोरांनी ऑक्सिजनचा सिलिंडर मिळवला. शेजारचे चाचा दारात डबा ठेवून जायचे, रोज दोन वेळा. पोरांपैकी एक जण पप्पांजवळ रात्री थांबायचा, पीपीई किट म्हणून रेनकोट घालून. २९ एप्रिलला पहाटे पप्पा गेले. मी दफनविधी मोबाइलवर पाहिला. नेटवर्क जात-येत होतं. माती टाकताना चित्र थांबलं, आणि परत आलं तेव्हा सगळे निघाले होते. मम्मी त्यातून उठली, देवाची कृपा.

दोन दिवसांनी शनिवार होता. बायको म्हणाली, "आज राहू दे, दुसऱ्या कोणाला सांगू." मला घरात बसवत नव्हतं. निघालो. अकराव्या घरी आजी खिडकीत नव्हत्या. मास्क लावून बाहेर, फाटकापाशी उभ्या होत्या. त्यांना प्रार्थनेच्या यादीवरून कळलं होतं. त्यांनी सांत्वनाचं काही म्हटलं नाही. एक वही आणि पेन पुढे केलं आणि म्हणाल्या, "वडिलांचं नाव काताकानात कसं लिहायचं?" मी सांगितलं, त्यांनी एकेक अक्षर लिहिलं, मला वाचून दाखवलं, 'ळ' त्यांना जमेना. मग म्हणाल्या, "नोव्हेंबरमध्ये लागेल."

त्यानंतरच्या महिन्यांत मी मनाशी एक गणित मांडलं. तिकडे आईबापांची सेवा दुसऱ्या कोणी केली. इकडे मी दुसऱ्या कोणाच्या आईची करतो आहे. म्हणजे जमा-खर्च कुठेतरी जुळतो. मला वाटतं, परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी असं काही गणित केलेलं असतं. मी शनिवारच्या फेऱ्या वाढवल्या. बुधवारीही जाऊ लागलो. मुलांचे होमवर्क, बायकोची ओढाताण, काही दिसेना. शेवटी एक दिवस चर्चच्या स्वयंपाकघरात कप विसळताना हे सगळं पाळकांना, म्हणजे बोकुशी सेन्सेईंना सांगून टाकलं.

सेन्सेई शांत माणूस. कप पुसत पुसत म्हणाले, "टेट्झेल आठवतो?" आता ल्यूथरच्या गोष्टीतला टेट्झेल म्हणजे गावोगाव पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकणारा. पैसे द्या, आपल्या आणि मेलेल्या आप्तांच्या शिक्षेतून सूट घ्या. त्याच्याविरुद्ध तर १५१७ चं सगळं प्रकरण उभं राहिलं. "तू स्वतःच्या हाताने तशीच चिठ्ठी लिहितो आहेस," सेन्सेई म्हणाले. "आजींच्या घरी जातोस ते आजींना गरज आहे म्हणून जा. वडिलांचं कर्ज फेडायला जाऊ नकोस. ते त्यांच्याकडून फिटणार नाही. आणि त्या मुलांनी केलेली सेवा तुझ्या खात्यात घेऊ नकोस. त्यांचे आभार मानलेस का?"

नव्हते मानले. पैसे पाठवले होते, सिलिंडरचे. आभार राहिले होते.

त्याच रात्री मी त्या रेनकोटवाल्या पोराला फोन लावला. पॉलिटेक्निकला होता तेव्हा. मी बरंच काही बोललो, तुझे उपकार, मी यायला हवं होतं, वगैरे. त्याने ऐकून घेतलं आणि अवघडून म्हणाला, "दादा, तुमच्यासाठी नाही केलं. काकांसाठी केलं. त्यांनी मला शब्बाथशाळेत पाढे शिकवले होते."

मी फोन ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी रडलो. लुथरन धर्मशास्त्राचं सार म्हणून सांगतात की तारण कृपेने मिळतं, कर्माने विकत घेता येत नाही. आणि म्हणून कर्म मोकळं होतं, ते देवाकडे पाठवायचं नसून शेजाऱ्याकडे पोचवायचं असतं. हे मी माग्डेबुर्गला वाचलं होतं, त्यावर बोलूही शकत होतो. समजलं त्या पोरामुळे. त्याच्या डोक्यात कुठलीच वही नव्हती. समोर काका होते, त्यांना श्वास लागत होता.

मी गेलो नाही, याचं दुःख आहेच. हिशोब जुळला असं म्हणत नाही, जुळवायचं सोडलं आहे एवढंच. बुधवारच्या फेऱ्या बंद केल्या आणि मुलाला पाढे शिकवायला बसलो.

इथल्या चर्चमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सर्व संतांच्या दिवसाच्या सुमारास, गेलेल्यांची आठवण करणारी उपासना असते. त्यांचे फोटो पुढे मांडतात, एकेक नाव वाचतात. जपानी लोकांना पूर्वजांचं फार, त्यामुळे एरवी चर्चला न येणारे नातेवाईकही त्या दिवशी येतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये किमोनोतल्या आणि कोटातल्या कितीतरी गंभीर चेहऱ्यांच्या रांगेत आमच्या पप्पांचा फोटो होता, गांधी टोपी आणि जाकिटातला. आजींनी वहीत लिहिलेलं नाव सेन्सेईंनी वाचलं. 'ळ' त्यांनाही जमला नाही. मम्मी व्हिडिओवर बघत होती, म्हणाली, "किती छान मांडलंय रे सगळं. नीटनेटकं."

आजी २०२३ च्या फेब्रुवारीत गेल्या. ब्राझीलहून मुलगा आला, साठीचा. दफनविधीनंतर तो माझ्याजवळ आला, खोल वाकला, आणि मोडक्या जपानीत (त्याचंही आता मोडकंच झालं होतं) काहीतरी म्हणू लागला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होतो. मी त्याला म्हटलं, "तुमच्यासाठी नाही केलं. आजींसाठी केलं. त्यांनी मला स्लिपर लावायला शिकवलं." तो जरा थांबला, मग हसला, आणि डोळे पुसले.

आता साफसफाईच्या तोबानला माझ्याबरोबर मुलगी येते. फुकुशिमाच्या वेळी सहा महिन्यांची होती ती, आता माझ्या खांद्याला लागते. संडासाचं काम माझं, स्लिपरचं तिचं. मागच्या महिन्यात एक नवं व्हिएतनामी जोडपं आलं होतं, त्यांनी स्लिपर उलट्या ठेवल्या. तिने काही न बोलता फिरवल्या.

संपादकसाहेब, दर रविवारी मी कुठे जातो ते हे असं. आपल्या मंडळातही गणपतीच्या दुसऱ्या दिवशी हॉल झाडायला, खुर्च्या लावायला चार माणसं नेहमी कमी पडतात, हे मला माहीत आहे. माझं नाव यादीत घाला. फक्त रविवार सकाळ सोडून!

आणि वाचकहो, नगरला, साताऱ्याला, नागपूरला तुमच्या आईवडिलांना कोणी डबा पोचवला असेल, कोणी रात्री थांबलं असेल, तर आज त्यांना एक फोन करा. पैसे पाठवलेले असले तरी करा.

सर्वांना सलाम आणि नमस्कार.